लागू नसेल ते खोडावे

थेटे सरांनी चौकशी समितीवर माझं नाव दिलं
तेव्हा मला आधी रागच आला.
एकवीस वर्षं एकच स्टाफरूम, पण डबा कधी वाटून खाल्ला नाही.
त्यांची भूमिती, माझं मराठी,
मधे कपाट आणि खडूचा खोका.
'तुम्ही कुणाचा पक्ष घेत नाही,' म्हणाले,
'म्हणून.'

शनिवारी शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेत,
कारण ऑफिसातला पंखा बंद होता.
आम्ही तिघं ओट्याच्या अलीकडे,
सर पलीकडे, बेसिनजवळ.
नळ ठिबकत होता.
बागुल क्लार्कनं खाली चंचुपात्र ठेवलं
आणि फाईल उघडली.

रकाना बारा.
आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय?
होय / नाही.
लागू नसेल ते खोडावे.

सरांनी 'होय' खोडलं होतं.
पट्टी लावून, एकच रेघ,
फळ्यावर पाया काढतात तशी.
एकवीस वर्षांत शाई तपकिरी पडली,
रेघेखालचं 'होय' छापील, ते काळंच राहिलं.
कुणालाही वाचता आलं असतं.
कुणी वाचलं नाही.

निकालपत्राची नक्कल.
सत्त्याण्णव साल, पहाट, दिंडोरी रोड,
द्राक्षाच्या क्रेटनी भरलेली पिकअप,
म्हसरूळच्या अलीकडे सायकलवर एक दूधवाला.
गाडी चालवणारा वीस वर्षांचा. थांबला नाही.
तीन महिने कैद, पाचशे दंड.
मेलेल्या माणसाचं नाव नकलेत दोन तऱ्हांनी:
वर पुंजा, खाली पुंजाराम.
मी तिथंच अडकले,
जणू लाल पेन हातात होतं.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
सुटताना गेटवर झडती व्हायची,
कोरा मुद्रांक बाहेर जाऊ नये म्हणून.
त्याच कागदावर सरांनी हमी दिली होती,
वरील सर्व माहिती खरी असून.
लिहिलेल्या कागदाची झडती
कुणी घेत नाही, इतकंच.

'होय लिहिलं असतं,' सरांनी विचारलं,
'तर घेतलं असतं मला?'
अध्यक्ष म्हणाले, हा प्रश्न कक्षेबाहेरचा.
बागुलनं तसं टंकलं.
मग सर हळूच म्हणाले,
'पहिली चार वर्षं रोज वाटायचं, आज सांगावं.
पाचव्या वर्षी नाही वाटलं.'
हे मात्र बागुलला ऐकू आलं नाही,
किंवा आलं.

फाईलच्या तळाशी तो निनावी अर्ज.
पर्यवेक्षकपदाची यादी लागली, त्याच आठवड्यातला.
'शिक्षा'तला क्ष गाठ मारल्यासारखा,
'गुन्हा'चा उकार ओळीखाली लोंबलेला.
मराठी शिकवते मी. शाळेतली सगळी अक्षरं
मला चेहऱ्यांसारखी ओळखू येतात.
त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही.
माझ्यासाठी रकानाच नव्हता.

शेवटी अहवाल. आरोप सिद्ध, सेवा समाप्त.
खाली छापील ओळ:
मी वरील निष्कर्षाशी सहमत / असहमत आहे.
पुंजा, पुंजाराम.
मी 'असहमत' खोडलं.
पट्टी नव्हती, रेघ वाकडी गेली.
सरांनी उठताना चंचुपात्रातलं पाणी ओतलं,
ते पुसून जागेवर पालथं ठेवलं.
माझ्याकडे पाहिलं की नाही, आठवत नाही.
म्हणजे आठवतं.

सोमवारी नववी ब, चौथा तास, बदलीवर मी.
फळ्यावर शुक्रवारचं वर्तुळ तसंच होतं,
एक जीवा, केंद्रातून उतरलेला लंब.
पक्ष लिहिलेला.
साध्य लिहिलेलं.
सिद्धता, पुढे दोन टिंबं, आणि खाली सगळा काळा फळा.
मॉनिटर डस्टर घेऊन उभी.
'बाई, पुसू?'

थांब, म्हटलं.
वह्या काढा.
आधी हे उतरवून घ्या.